पाऊस आणि हवेतले सूक्ष्मजीव : पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी वळवाची पहिली सर पडली की माझा फोन वाजायला लागतो. तीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे सोसायटीतल्या शेजारणी, जुने विद्यार्थी, द्राक्षबाग असलेला मावसभाऊ आणि वेताळ टेकडीवरचा सकाळचा कंपू, सगळ्यांना हक्काचं माणूस सापडलंय. प्रश्न दर वर्षी तेच. "बाई, पाऊस पडला की हवा स्वच्छ होते ना? मग आमचा बंड्या शिंकतोय का?" या एका प्रश्नाच्या पोटात बाकीचे सगळे आहेत. तोंडी उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून यंदा लिहूनच काढलं.

पावसाने हवा धुऊन निघते, हे खरं का?

निघते, पण सगळं सारखं धुतलं जात नाही. खाली येणारा थेंब वाटेत सापडेल ते गोळा करतो, आणि काय सापडणार हे कणाच्या आकारावर ठरतं. रात्री एक्स्प्रेस वेवरून येताना पाहा. किडे काचेवर पटापट आपटतात, पण पुढच्या ट्रकचा धूर काचेला वळसा घालून निघून जातो. थेंबाचंही तसंच असतं. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. त्याच्या वाटेतला वीस-तीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) परागकण जड असतो, त्याला वेळेवर वळता येत नाही. तो थेंबावर आपटतो आणि थेंबाबरोबर जमिनीवर येतो. बुरशीचे मोठे बीजाणूही, म्हणजे तिच्या सूक्ष्म बियाही, अशाच पकडल्या जातात. एक मायक्रॉनहून लहान कण मात्र थेंबाभोवतीच्या हवेबरोबर अलगद बाजूला सरकतो. त्याहून गंमत म्हणजे अगदीच बारीक, ०.१ मायक्रॉनच्या आतले कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इतके भरकटतात की ते पुन्हा थेंबाला चिकटतात. पावसाच्या हातून निसटतो तो मधला गट, साधारण ०.१ ते १ मायक्रॉनचा.

एकटा जिवाणू साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे या निसटणाऱ्या गटाच्या काठावरचा. पण जिवाणू हवेत एकटे फारसे फिरत नाहीत. धुळीच्या कणावर, पानाच्या चुऱ्यावर, आपल्याच कातडीच्या खपलीवर बसून फिरतात. गाडी मोठी असली की आतला प्रवासीही सापडतो. म्हणून तासभर चांगला पाऊस झाला की हवेतले जिवाणू खरोखर कमी होतात.

पाऊस नसेल तर हे कण आपणहून खाली बसायला किती वेळ घेतात, तेही पाहू. चौथ्या मजल्याची गॅलरी म्हणजे साधारण बारा मीटर. हवा अगदी स्तब्ध असेल तर दहा मायक्रॉनच्या बीजाणूला तिथून जमिनीवर यायला तासाहून थोडा जास्त वेळ लागेल. एक मायक्रॉनच्या कणाला जवळपास चार दिवस. आणि हवा काही चार दिवस स्तब्ध राहत नाही.

मग सर येऊन गेल्यावर शिंका का वाढतात?

कारण जमिनीवर पोचल्यावर थेंबाचं काम संपत नाही. वर असताना तो कण पकडतो, खाली आपटल्यावर उडवतो.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी मातीवर आपटणाऱ्या थेंबाचं अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. कोरडी माती सच्छिद्र असते. थेंब तिच्यावर पसरला की छिद्रांमधली हवा खालून त्याच्यात शिरते, बुडबुडे होऊन वर चढते आणि पृष्ठभागावर फुटते. प्रत्येक बुडबुडा फुटताना अतिसूक्ष्म तुषार उडतात. सोड्याचा ग्लास तोंडाशी नेल्यावर नाकाच्या शेंड्याला जे गार टोचतं, तेच हे. २०१७ मध्ये त्याच प्रयोगशाळेने मातीत जिवाणू मिसळून प्रयोग पुढे नेला. एका थेंबाबरोबर मातीच्या पृष्ठभागावरचे फार तर ०.०१ टक्का जिवाणू हवेत जातात, असं दिसलं. दहा हजारांतला एक. पण एका सरीत एका मैदानावर किती थेंब पडतात याचा अंदाज करून पाहा, म्हणजे तो 'एक' क्षुल्लक राहत नाही. हे जिवाणू उडाल्यावर तासाहून जास्त वेळ जिवंत राहू शकतात, हेही त्याच प्रयोगात दिसलं.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. जास्तीत जास्त तुषार मुसळधार पावसात उडत नाहीत, हलक्या आणि मध्यम पावसात उडतात. थेंब फार जोरात आपटला तर बुडबुडे नीट तयार होत नाहीत. शिवाय मोठ्या पावसात माती तुडुंब भरते, छिद्रांत हवाच उरत नाही. म्हणजे "आज जरा शिंतोडाच पडला, काही होत नाही" हे वाक्य हवेतल्या जिवाणूंच्या बाबतीत उलटं आहे.

झाला हा जिवाणूंचा भाग. शिंकांचे खरे मानकरी बुरशीचे बीजाणू असतात, आणि त्यांचं तंत्र निराळं आहे. क्लॅडोस्पोरियम आणि अल्टरनेरिया या बुरश्यांचे बीजाणू कोरडे. दुपारचं ऊन आणि वारा असला की ते देठावरून सुटतात. पाऊस आला की हे खाली बसतात. पण त्याच पावसाने दुसरी फौज जागी होते. पिशवीत बीजाणू बाळगणाऱ्या बुरश्या ओल मिळाली की फुगतात, पिशवीतला दाब वाढतो आणि तोफेसारखे बीजाणू उडतात. अळंबीच्या कुळातल्या बुरश्यांची युक्ती त्याहून नाजूक. बीजाणूच्या बुडाशी दमट हवेतलं पाणी जमून एक इवलासा थेंब तयार होतो. तो बीजाणूच्या अंगावरच्या ओल्या थराला भिडला की क्षणात पसरतो, आणि त्या हिसक्याने बीजाणू देठावरून सुटतो. दमटपणा नसेल तर ही गलोल चालतच नाही. थोडक्यात, सरीआधीच्या हवेतले आणि सरीनंतरच्या हवेतले बीजाणू संख्येने कदाचित सारखेच भरतील, पण ते वेगवेगळ्या बुरश्यांचे असतात. कोणाला पहिल्या फौजेची ॲलर्जी असते, कोणाला दुसऱ्या. बंड्याला पाऊस थांबल्यावर शिंका येतात आणि त्याच्या बाबांना उन्हात, याचं कारण हे असू शकतं.

पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो, तो जंतूंचा असतो म्हणे. खरं?

बऱ्याच अंशी. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू जिओस्मिन नावाचं रसायन तयार करतात. बीट खाताना जी 'मातकट' चव लागते, तीही त्याचीच. माणसाच्या नाकाला त्याचा वास एक लाख कोटी भागांत काही मोजके भाग असला तरी कळतो. त्यात झाडांची तेलंही असतात. कोरड्या दिवसांत ती दगडमातीत मुरतात आणि पहिल्या थेंबांनी बाहेर पडतात. या सगळ्या वासाला १९६४ मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. आपल्याकडे कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवून 'मिट्टी अत्तर' विकतात, ते याच्या कितीतरी आधीपासून. तेव्हा नाव त्यांचं, माल आपला.

वास नाकापर्यंत पोचतो तो वर सांगितलेल्या तुषारांवर बसून. तुम्ही गॅलरीत उभं राहून "आहाहा" म्हणत श्वास भरून घेता, तेव्हा त्याच गाडीने थोडे मातीतले जिवाणूही आत येतात. घाबरू नका. मातीतले बहुतेक जिवाणू निरोगी माणसाला काही करत नाहीत. मी दर वर्षी गॅलरीत जाऊन उभी राहते.

जिवाणू हा वास मुळात आपल्यासाठी काढतच नाहीत. मातीत उड्या मारणारे कोलेंबोला नावाचे बारीक जीव या वासाने खेचले जातात, जिवाणू खातात आणि अंगाला चिकटलेले बीजाणू दुसरीकडे नेऊन टाकतात. हे २०२० मध्ये दाखवलं गेलं. आपली त्यात केवळ लुडबुड.

पुण्यात कोणत्या पावसाचा हवेवर काय परिणाम होतो?

हा प्रश्न खरं तर मला कोणी विचारत नाही, पण विचारायला हवा.

पुणे घाटाच्या पावसाच्या सावलीत आहे. वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. ताम्हिणी घाटात त्याच्या कितीतरी पट पडतो. म्हणजे आपल्या वाट्याला धो धो पाऊस कमी आणि अधूनमधून येणाऱ्या हलक्या सरी जास्त. सर, उघडीप, पुन्हा सर. हवा धुणारा पाऊस ताम्हिणीत, आणि माती उडवणारा पाऊस आपल्याकडे, असं मी विद्यार्थ्यांना गमतीने सांगायचे.

एप्रिल-मेमधला वळीव सगळ्यात नाट्यमय. दीड-दोन महिने तापलेली माती, रस्त्यांवर आणि बांधकामांवर साठलेली धूळ. आधी वावटळ येते, पत्रे वाजतात, धुळीने समोरची इमारत दिसेनाशी होते. या धुळीबरोबर जिवाणू आणि बीजाणू दोन्ही वर जातात. मग टपोरे थेंब पडतात, ते वरचं थोडं खाली आणतात आणि तापलेल्या, सच्छिद्र मातीतून नवं उडवतात. माती ३० अंश सेल्सियसच्या आसपास असताना जिवाणू जास्त सुटतात, असं त्या २०१७ च्या प्रयोगात आढळलं होतं. मे महिन्यात आपली माती त्याहून थंड कुठे असते?

जुलै-ऑगस्टची रिमझिम वेगळी. माती ओली, धूळ बसलेली, त्यामुळे जिवाणू कमी. पण आठ-आठ दिवस ऊन नाही. सूर्याचे अतिनील किरण हवेतल्या सूक्ष्मजीवांचे मोठे शत्रू. ढग असले की ते किरण कमी पोचतात, दमट हवेत बीजाणू आणि जिवाणू सुकतही नाहीत. म्हणजे हवेत जेवढे आहेत, तेवढे जास्त काळ तग धरतात. सडलेला पाला, भिजलेली लाकडं, गवताच्या बुडख्या, सगळीकडे बुरशी जोमात. ओल्या फौजेचे दिवस हे.

आणि मग हस्ताचा, परतीचा पाऊस. दुपारी कडक ऊन, संध्याकाळी गडगडाट. सप्टेंबर-ऑक्टोबरात टेकड्यांवरचं गवत फुलोऱ्यात असतं, वाढलेलं गाजर गवत रिकाम्या प्लॉटवर माजलेलं असतं. या गाजर गवताची भारतातली पहिली नोंद १९५५ मध्ये पुण्यातच झाली, हा मान आपण उगाच मिरवत नाही. परागकण, कोरडे बीजाणू आणि ओले बीजाणू तिन्ही एकाच आठवड्यात अनुभवायचे असतील तर हीच वेळ. दम्याच्या माणसांनी जूनपेक्षा या दिवसांत जास्त जपावं, असं माझं मत आहे.

गडगडाटी पावसाने दमा उसळतो, हे वाचलं. पुण्यात होईल?

२१ नोव्हेंबर २०१६ ला मेलबर्नमध्ये काय झालं ते आधी सांगते. दिवसा पस्तीस अंशांच्या आसपास तापमान, संध्याकाळी वादळ. काही तासांत हजारो माणसं श्वास लागतोय म्हणून दवाखान्यांत पोचली. दहा जण दगावले. दवाखान्यांत पोचलेल्यांपैकी अनेकांना त्याआधी दमा असल्याचं माहीतही नव्हतं, फक्त गवताच्या परागाने शिंका यायच्या.

कारण रायग्रास नावाच्या गवताचे परागकण. अख्खा परागकण मोठा असतो, नाकातच अडकतो, फार तर शिंका देतो. पण वादळाच्या दमट हवेत तो पाणी पिऊन फुगतो आणि फुटतो. आतले पिठूळ कण तीन मायक्रॉनहून लहान, ते सरळ फुप्फुसात उतरतात. वादळाच्या पुढे जमिनीलगत पळणारा थंड वारा हे सगळं गोळा करून शहरावर ओततो. अल्टरनेरियाचे बीजाणूही अशा घटनांमध्ये सापडले आहेत.

पुण्याभोवती रायग्रासची मैलोन् मैल कुरणं नाहीत, त्यामुळे मेलबर्नची भीती इथे आणू नये. मात्र तत्त्व तेच आहे. ज्यांना गवताची किंवा बुरशीची ॲलर्जी आहे त्यांनी वादळाच्या आधीच्या त्या धुळकट, थंड वाऱ्यात "काय मस्त हवा सुटलीय" म्हणून गच्चीवर जाऊ नये. खिडक्या लावाव्यात, इनहेलर हाताशी ठेवावा.

मोबाइलवर हवेचा निर्देशांक हिरवा दाखवतो, तरी त्रास होतो. ॲप चुकतं का?

ॲप बरोबर आहे, पण तुम्ही विचारता ते त्यात मोजलंच जात नाही. आपला हवा गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांवर ठरतो: पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. बीजाणू आणि परागकण यात वेगळे मोजलेच जात नाहीत. पावसाळ्यात धूळ बसते, आकडा खाली येतो, रंग हिरवा होतो. त्याच सकाळी हवेत ओल्या बीजाणूंची गर्दी असू शकते.

पावसाळ्यात टेकडीवर फिरायला किती वाजता जावं?

अळंबीकुळातल्या बुरश्या रात्री आणि पहाटे, दमटपणा सगळ्यात जास्त असताना, बीजाणू सोडतात. कोरड्या बुरश्या दुपारी. ज्यांना बुरशीचा त्रास आहे त्यांनी पहाटे पाचचा हट्ट सोडून थोडं उजाडल्यावर, ऊन टेकल्यावर जावं. बाकीच्यांनी केव्हाही जावं. घोटाभर चिखलात घसरून पडण्याची शक्यता बीजाणूंच्या धोक्यापेक्षा जास्त आहे.

वाटेत कुत्र्याच्या छत्र्या दिसल्या तर एक करून पाहा. पूर्ण उघडलेली छत्री दांड्यापासून मोडून, कल्ले (छत्रीच्या आतल्या बाजूचे पातळ पडदे) खाली करून काळ्या कागदावर ठेवा, वर वाटी उपडी घाला. सकाळी वाटी उचलली की कागदावर कल्ल्यांची हुबेहूब रांगोळी उमटलेली असते, पांढरी किंवा बदामी. ती रांगोळी म्हणजे निव्वळ बीजाणू. एका मोठ्या छत्रीतून असे कोट्यवधी सुटतात. कागद काळाच घ्या, पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही आणि मग लोक मला फोन करतात. नंतर हात धुवा, आणि ओळख पटल्याशिवाय खायचा विचारही नको.

पावसात भिजल्याने सर्दी होते का?

सर्दीचे विषाणू माणसांकडून येतात, ढगांतून नाही. तरी आजी "डोकं पूस" म्हणाली तर पुसावं.

पण मग पुण्यात फ्लूची साथ पावसाळ्यातच का?

निरीक्षण बरोबर आहे. श्रीनगरला फ्लू थंडीत वाढतो, पुण्यात मात्र साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला तोही ऑगस्टमध्ये. हा विषाणू पावसाच्या थेंबातून पडत नाही. आपण खिडक्या लावून, ओले रेनकोट टांगून, एकमेकांना खेटून बसतो. शाळा भरलेल्या, बस भरलेल्या, पुढे गणपतीची गर्दी. एकाच्या तोंडून निघालेले तुषार दुसऱ्याच्या नाकापर्यंत जायला अंतरच उरत नाही. पावसाळ्यात खिडकी बोटभर तरी उघडी ठेवा, पाणी आत आलं तर पुसता येतं.

पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घ्यावं का?

नाही. पहिलं पाणी म्हणजे आकाशातलं आणि गच्चीवरचं धुणं: धूळ, पारव्यांची घाण, बीजाणू, जिवाणू. सुरुवातीच्या सरी वळवून सोडून द्याव्यात, गच्ची धुतली गेल्यावर मगच पन्हळ टाकीकडे वळवावी. जुन्या घरांतून हे शहाणपण होतं.

ढगातही जिवाणू असतात? ते पाऊस पाडतात?

असतात. स्युडोमोनास सिरिंगे नावाचा जिवाणू झाडांच्या पानांवर राहतो. त्याच्या अंगावरचं एक प्रथिन पाण्याच्या रेणूंना बर्फासारखं रांगेत उभं करतं. शुद्ध पाण्याचा बारीक थेंब उणे ३८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत द्रव राहू शकतो. हा जिवाणू असला तर उणे दोन अंशांनाही गोठायला सुरुवात होते. ढगात बर्फाचे कण वाढले की पाऊस पडायला मदत होते. जिवाणू पानावरून उडतो, ढगात जातो, पाऊस होऊन पुन्हा पानावर येतो, असं चक्र असावं ही कल्पना १९८२ मध्ये डेव्हिड सँड्स यांनी मांडली. कल्पना देखणी आहे. प्रत्यक्ष पावसात त्यांचा वाटा किती, यावर वाद चालू आहे. शिवाय आपल्या घाटावर पडणारा बराचसा मॉन्सूनचा पाऊस कमी उंचीच्या ढगांतून येतो, जिथे बर्फाचा संबंधच नसतो. पाषाणच्या आयआयटीएम, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे, तिथे तर ढग खिडकीतून आत येतात.

मावसभाऊ विचारतो: पावसाने रोग धुऊन जातो की पसरतो?

रोग कोणता ते आधी सांग, असं मी त्याला म्हणते. द्राक्षावरच्या भुरीला, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या भुकटीसारख्या बुरशीला, ढगाळ हवा लागते, पण पानावर साचलेलं पाणी तिच्या बीजाणूंना मानवत नाही. डाऊनी, म्हणजे केवडा, नेमका उलटा. त्याच्या बीजाणूंमधून निघणारे पिल्लू बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहतात. ऑक्टोबर छाटणीनंतर दोन दिवस पाऊस लागला की बागायतदाराची झोप उडते ती यामुळे. डाळिंबावरचा तेल्या जिवाणूंचा. पावसाचा थेंब डागावर आपटतो, शिंतोडे वाऱ्यावर शेजारच्या झाडावर, मग शेजारच्या बागेत.

तांबेऱ्याची गोष्ट मला फार आवडते. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत टिकून राहतात, तिथून वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर उत्तरेला येतात. इतक्या उंचावरून त्यांना शेतात उतरवतं कोण? पाऊस. म्हणजे हवेच्या दृष्टीने धुऊन काढलं, आणि गव्हाच्या दृष्टीने नेमकं डोक्यावर ओतलं. पुढे तांबेरा धरलेल्या पानावर थेंब आपटला की पानालगतच्या हवेत चिमुकली वलयं तयार होतात, सिगारेटच्या धुराची असतात तशी, आणि ती कोरडे बीजाणू पानाच्या वर फेकतात. हे २०१९ मध्ये वेगवान कॅमेऱ्यात टिपलं गेलं.

घरातल्या भिंतीला बुरशी आली आहे. रंग मारू का?

नको! हे अनुभवाने सांगते. आमच्या उत्तरेच्या भिंतीला ओल आली, कंत्राटदाराने वरून पुट्टी ओढून चकाचक रंग दिला. पुढच्या जुलैत पोपडे सुटले आणि मागे हिरवट-काळी मखमल. पाणी गच्चीच्या भेगेतून येत होतं. भेग बुजेपर्यंत भिंत सुकणार नाही आणि भिंत सुकेपर्यंत बुरशी जाणार नाही. क्रम हाच.

बाहेर पाऊस पडताना बाहेरचे कोरडे बीजाणू कमी होतात, पण घरात ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम या बुरश्यांचं राज्य सुरू होतं. कोरड्या फडक्याने किंवा झाडूने बुरशी झटकू नका, एका फटक्यात लाखो बीजाणू खोलीभर होतात. मास्क लावून, साबणाच्या पाण्याने ओलसर पुसा, मग पंखा लावून कोरडं करा. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी फार वाढत नाही. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ फार महाग नसतं. घरात केमोथेरपी चालू असलेलं किंवा अवयव बदललेलं कोणी असेल तर मात्र पुसण्याचं काम त्यांच्या आसपास करूच नका, आणि डॉक्टरांना सांगा.

चार दिवस दोरीवर न वाळलेल्या टॉवेलचा कुबट वास बुरशीचा नसतो, तो बहुधा मोराक्सेला नावाच्या जिवाणूचा. गरम पाणी आणि कडक इस्त्री.

हे सगळं मोजतात कसं?

चिकट पट्टीवर हवा आपटवून. १८७३ मध्ये कलकत्त्याला डी. डी. कनिंगहॅम या डॉक्टरने तिथल्या तुरुंगांमधली हवा अशीच चिकट काचेवर पकडून तपासली. हवेतल्या घाणीने पटकी आणि ताप येतो, अशी तेव्हाची समजूत. त्याला दोन गोष्टी दिसल्या. हवेतल्या जंतूंचा आणि या रोगांचा मेळ बसत नाही. आणि ओलीने धूळ घटली तरी जिवंत बीजाणू घटत नाहीत. पॅरिसमध्ये पिएर मिकेलने पुढे वर्षानुवर्षं मोजणी केली, त्यालाही ओल्या दिवसांत जिवाणू कमी आणि बुरशी जास्त आढळली. दीडशे वर्षांपूर्वीची ही निरीक्षणं आजही टिकून आहेत.

महाराष्ट्रात औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात एस. टी. टिळक यांनी १९७० च्या सुमारास स्वतःचं यंत्र बनवलं. विजेवर सावकाश फिरणारा एक ड्रम, त्यावर पारदर्शक पट्टी, नळीतून येणारी हवा पट्टीवर आपटते. आठ दिवसांची हवा एका पट्टीवर. मग पट्टी कापून सूक्ष्मदर्शकाखाली. क्लॅडोस्पोरियम लिंबाच्या बियांसारखा. अल्टरनेरिया तालमीतल्या मुद्गलासारखा, आडव्याउभ्या भिंती असलेला, तपकिरी. एकदा पाहिला की विसरत नाही. पावसानंतरच्या पट्टीवर मुद्गल कमी होतात आणि नितळ, बिनरंगी, सुईसारखे बीजाणू दिसू लागतात.

मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी घरी काही करता येईल?

येईल. काचेच्या स्वच्छ बरण्या उकळून घ्या, प्रत्येकीत उकडलेल्या बटाट्याची चकती ठेवा. एक बरणी पावसाआधी गॅलरीत दहा मिनिटं उघडी ठेवा, दुसरी सर सुरू होताच, तिसरी पाऊस थांबल्यावर दोन तासांनी. थेंब आत पडू देऊ नका. एक चौथी अजिबात उघडू नका, तीच खरी परीक्षक. झाकणावर चिकटपट्टी लावून तारीख-वेळ लिहा आणि चार-पाच दिवस बाहेरूनच पाहा. गुळगुळीत, ओले ठिपके बहुधा जिवाणूंचे, मखमली बुरशीचे. झाकण पुन्हा कधीही उघडायचं नाही. तसंच बंद पिशवीत घालून टाकून द्या.

आमच्या मजल्यावरच्या सातवीतल्या मुलीने गेल्या वर्षी केलं. दुसऱ्या बरणीत ठिपके जास्त, तिसरीत मखमल जास्त. ती उड्या मारत सांगायला आली. म्हटलं, एका बटाट्यावरून सिद्धान्त मांडू नकोस, अजून पाच सरी पाहा. तिने पाहायला घेतल्याही. चौथ्या सरीला तिच्या आईने बटाटे देणं बंद केलं.